डावी नस आणि तिसऱ्या मजल्यावरचं कपाट

३ मार्च, मंगळवार. दुपारी ४.
निदान झालं. सायटिका. नाव छान आहे, एखाद्या बेटाचं असावं असं. हाडांच्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं आणि डावा पाय सरळ वर उचलला. वीतभर वर गेला नाही तोच कुल्ल्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत वीज गेली आणि माझ्या तोंडून डॉक्टरांच्या घराण्याबद्दल काहीतरी निघालं. डॉक्टर म्हणाले, छान, म्हणजे नसच आहे.

खालच्या दोन मणक्यांमधली चकती बहुधा सरकली आहे आणि नसेला दाबते आहे. बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात, फक्त सांगितलेलं करायला हवं. अंथरुणात पडून राहायचं नाही. वीस मिनिटांच्या वर एका जागी बसायचं नाही. वाकून काही उचलायचं नाही. दोन वेळा व्यायाम, दोन वेळा दहा-दहा मिनिटं चालणं, गरम पिशवी, झोपताना नसेची गोळी. लघवीवरचा ताबा गेला तर तडक दवाखान्यात. हे शेवटचं ऐकल्यापासून दर अर्ध्या तासाने ताबा तपासतोय. आहे.

संकल्प : सहा आठवड्यांत बरं व्हायचं. बारा हे इतरांसाठी. एका जागी न बसणं ही तर माझी जुनी विद्या. सत्तावीस वर्षांत चार शहरं, नऊ नोकऱ्या, दोन अर्धे कोर्स. माझ्या स्वभावाला औषध म्हणणारा हा पहिलाच डॉक्टर.

तोच दिवस, ६ वाजता.
एक लिहायचं राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? मी तोंड उघडलंच होतं. पण शेजारी भाऊजी उभे होते, ते आधी बोलले. म्हणाले, माझ्यामुळे झालं डॉक्टर. शनिवारी तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवत होतो. मी वरच्या बाजूला, हा खाली. मी वेळेआधी हात सोडला, सगळा भार याच्यावर आला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, असंच ना?

मी म्हणालो, हं.

डॉक्टरांनी तसं लिहूनही टाकलं. आता ते कागदावर आहे. शिकल्यासवरल्या माणसाने कागदावर लिहिलेलं मी कोण खोडणार.

४ मार्च, बुधवार.
ही वही दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहून ठेवतो. शनिवारी कपाट उतरवताना माझ्या पाठीला काहीही झालं नव्हतं. संध्याकाळी लंब्या आला. लंब्या म्हणजे माझा मित्र, सहा फूट दोन इंच, कामधंदा नाही. त्याच्याकडे ट्रॅम्पोलिनच्या, म्हणजे ताणलेल्या जाळीवर उड्या मारायच्या, हॉलची दोन फुकट कुपनं होती. आत सगळी आठ-दहा वर्षांची पोरं. लंब्या म्हणाला, उलटी उडी मारून दाखवतोस का, मर्द असशील तर. मी दाखवली. पाऊण उडी उत्तम झाली. उरलेली पाव लोखंडी कडेवर झाली, बसून. दोन वेण्यांच्या एका मुलीने वाकून विचारलं, काका, उठता येतंय का? पाठीपेक्षा ते काका जास्त लागलं.

रविवारी सकाळी अंथरुणातून उठता येईना. भाऊजी दारात आले, माझ्याकडे बघितलं आणि पांढरे पडले. म्हणाले, कालचं कपाट. तेव्हाही मी हं एवढंच म्हणालो होतो. म्हणजे आत्तापर्यंत एकूण दोन हं. हं म्हणजे काही विधान नव्हे. माणूस ऐकतोय एवढाच त्याचा अर्थ.

उद्या सांगून टाकायचं.

६ मार्च, शुक्रवार.
काल सांगायचं होतं, पण भाऊजी दिवसभर कामावर. त्यांची सामान हलवायची गाडी आहे. घरं बदलणाऱ्यांचं सामान इथून उचलायचं, तिथे लावायचं. अकरा वर्षं हाच धंदा, आणि अकरा वर्षांत एक बशी फुटलेली नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत. ताई सांगते, दर जेवणाला. सात महिन्यांपूर्वी मी ताईकडे आठवडाभर म्हणून राहायला आलो आणि त्यांच्या कामातला दुसरा माणूस झालो. आता मी नाही, म्हणून ते एकट्याने होतील ती कामं घेताहेत. खोकी, खुर्च्या, कुंड्या.

आज फिजिओबाईंकडे गेलो. तीन व्यायाम दिले. पहिला : पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. पायातली कळ वर कमरेकडे सरकली तर समजायचं बरं होतंय. दुसरा : खुर्चीत ताठ बसून पाय सरळ करायचा, पाऊल आपल्याकडे ओढायचं, पुन्हा सोडायचं. याने नस मोकळी सरकते. तिसरा लक्षात नाही, मी भिंतीवरचा सांगाडा बघत होतो. त्याच्या कवटीवर कुणीतरी टोपी घातली होती.

एक तक्ताही दिलाय. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम झाला की चौकटीत बरोबरची खूण. दोन आठवड्यांनी घेऊन यायचा. मी म्हणालो, मॅडम, तक्त्याची गरज नाही, मी शिस्तीचा माणूस आहे. त्या म्हणाल्या, तक्ता शिस्तीच्याच माणसांसाठी असतो.

८ मार्च, रविवार.
घोटाळा वाढला. भाऊजींनी त्यांची कडक गादी उचलून माझ्या खोलीत आणली. मी नको नको म्हणालो. तीनदा. चौथ्यांदा म्हणालो नाही, कारण गादी खरंच चांगली आहे. माझी घडीची खाट ते घेऊन गेले. तिला मध्ये खड्डा आहे. भाऊजी म्हणाले, मला काय, मी दगडावरही झोपतो.

ताई चहा देताना म्हणाली, छोट्या, त्यांच्याशी जरा हसून बोल रे. फार लावून घेतलंय त्यांनी. मी हसून बोललो. भाऊजींचे डोळे भरून आले. म्हणाले, मेहुणे, तू मला एका शब्दाने बोलला नाहीस, हेच मला जास्त लागतंय.

मग काय करायचं? हसू नये तर वाईट, हसावं तर त्याहून वाईट.

१० मार्च, मंगळवार.
चालायला सुरुवात. दहा मिनिटं म्हणून निघालो. कोपऱ्यावर एक तपकिरी कुत्रा दिसला. एकटाच, पण चाल अशी की कुठेतरी वेळेवर पोचायचंय. हा जातो कुठे, ते बघावंसं वाटलं. तो पूल ओलांडून, गोदामांमागून, कालव्याच्या काठाने गेला आणि एका सायकलच्या दुकानासमोर आडवा झाला. बस. एवढंच. मी साडेतीन मैल आलो होतो. परत बसने आलो, पन्नास मिनिटं बसून. घराच्या पायऱ्या चढताना पाय कुणीतरी पिळून वाळत घालावा तसा झाला.

व्यायाम राहिला. पण चालणं पाच दिवसांचं एका दिवसात झालं, त्यामुळे पाच चौकटी भरून टाकल्या.

१३ मार्च, शुक्रवार.
आज चिंतन केलं. कबुली कधी द्यावी? आत्ता दिली तर भाऊजी म्हणतील, हा तर ट्रॅम्पोलिनवाला, याची गादी काढून घ्या. गादी गेली तर पाठ बिघडेल. पाठ बिघडली तर मी लवकर कामावर जाणार नाही. मी गेलो नाही तर भाऊजींचंच नुकसान. म्हणजे भाऊजींच्या हिताचा विचार केला तर आधी बरं होणं भाग आहे. बरा झालो की त्याच दिवशी सांगायचं. पक्कं.

व्यायाम अर्धा केला. पालथा पडलो आणि झोप लागली. ही नसेची गोळी माणसाला मेणासारखं करते. तक्त्यात अर्धी खूण काढता येत नाही, पूर्ण काढली.

जाता जाता : जिराफाच्या मानेतही आपल्याइतकेच मणके असतात. सात. दुपार यात गेली.

१६ मार्च, सोमवार.
आज ताईने जे सांगितलं ते लिहिताना हात जड झालाय.

आधी कामाची पद्धत लिहितो, नाहीतर पुढे मलाच कळायचं नाही. जिन्याच्या वळणावर वरच्या माणसाला पकड बदलावी लागते. तेवढा क्षण सगळा भार खालच्यावर असतो. म्हणून वरचा विचारतो, घेतलंस? खालच्याने खांद्याला पट्टा लावून, पाय रोवून म्हणायचं, घेतलं. ते ऐकल्याशिवाय वरचा बोटही हलवत नाही. भाऊजींचा हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. जिन्यात दुसरं काही बोललेलं त्यांना खपत नाही, शिंकलेलंसुद्धा.

तर ताई म्हणाली, ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांना वाटतंय, त्या दिवशी तू घेतलं म्हणाला नव्हतास आणि त्यांना मात्र ऐकू आलं. कान खराब झालाय का, ते बघायला गेले होते.

मी विचारलं, मग?

ताई म्हणाली, कान ठणठणीत. लहान मुलासारखे आहेत म्हणाला डॉक्टर. म्हणून तर तोंड बारीक करून बसलेत. म्हणतात, कान चांगला असून नाही ते ऐकू येतं, म्हणजे डोक्यात काहीतरी सुरू झालं असणार.

मी म्हणालो, जिन्यात आवाज घुमतो.

ताई म्हणाली, हेच त्यांना तू सांग, तुझं ऐकतील.

सांगितलं. भाऊजी म्हणाले, घुमतो रे, पण मूळ आवाज कुठून तरी निघावा लागतो ना.

या विषयावर आज आणखी लिहीत नाही. वीस मिनिटं झाली बसून. डॉक्टरांची सूचना.

१८ मार्च, बुधवार.
तक्ता भाऊजींनी उचलून पाहिला. म्हणाले, शाबास, एक दिवस चुकवला नाहीस. मग ताईला दाखवला. तिनेही पाहिला. मग तो फ्रिजवर लावला. आता पाणी प्यायला गेलं की तोंडासमोर.

आजपासून खरोखर करायचे. सकाळचे झाले. संध्याकाळी शेजारी उडवायच्या पतंगाएवढं फुलपाखरू आलं होतं, ते बघायला सगळी गल्ली जमली.

२० मार्च, शुक्रवार.
फिजिओबाईंकडे तक्ता नेला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, आज कोणती तारीख? मी म्हणालो, वीस. त्या म्हणाल्या, तुमचा चोवीसपर्यंतचा व्यायाम झालाय. अभिनंदन.

मग त्यांनी पाय उचलून बघितला. मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ वर गेला. कळही आता पोटरीच्या खाली उतरत नाही. म्हणाल्या, काही न करता तुम्ही बरे होताय, तुमच्या शरीराचे आभार माना, ते तुमच्यापेक्षा कामसू आहे. हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण त्या हसत नव्हत्या. जाताना म्हणाल्या, दुखतंय तुमचं आणि फसवताय मला? माझी तर पाठ ठीक आहे.

वाईट वाटलं. अगदी आतून. घरी येऊन फ्रिजवर जुन्याच्या जागी नवा तक्ता लावणार होतो (बाईंनी दिलाय, कोरा), पण भाऊजी जेवत होते. म्हणाले, काय म्हणाल्या? मी म्हणालो, सुधारणा आहे. त्यांचा घास तसाच राहिला हातात. म्हणाले, खरंच?

खरं म्हणजे बरा झालो की त्याच दिवशी सांगायचं ठरलं होतं. पण सुधारणा म्हणजे बरं होणं नव्हे.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ११.
खाली पांढऱ्या मिश्यांचा एक माणूस येऊन गाडीभोवती फिरतोय. टायरला लाथ मारतो, दार उघडतो, लावतो. भाऊजी हात मागे बांधून उभे.

तोच दिवस, १२.
भाऊजी गाडी विकताहेत.

काल म्हणे एका म्हाताऱ्या बाईंचा आरसा होता. माणसाएवढा. मजुरांच्या नाक्यावरून एक जण घेऊन गेले. वळणावर त्याने घेतलं म्हटलं, आणि भाऊजींना सोडता येईना. पुन्हा विचारलं. पुन्हा तो म्हणाला, घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं. त्या माणसाने वैतागून विचारलं, शेठ, लिहून देऊ का? शेवटी आरसा तिथेच पायरीवर टेकवला आणि भाऊजी घामाघूम होऊन भिंतीला लागून बसले. त्या बाईंनीच त्यांना पाणी दिलं.

हे ते स्वतः सांगत होते, शांतपणे, जेवणाच्या टेबलावर बोटाने रेघा ओढत. म्हणाले, या कामात दोन गोष्टी लागतात, पकड आणि विश्वास. पकड आहे अजून. एका गोदामाच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहायचं काम आहे, ते घेतो. बसून काम. सोमवारी तो माणूस गाडी घेऊन जाईल.

ताईने ताट उचललं, त्यात अर्धं जेवण होतं.

उद्या नाही. आज. आज संध्याकाळी सांगायचं.

२५ मार्च, बुधवार.
काल संध्याकाळी पाय फार दुखला. मनाचं ओझंही नसेवर येत असणार, याबद्दल कुणी अभ्यास केला पाहिजे.

२६ मार्च, गुरुवार.
सांगितलं! या वहीत हा शब्द पहिल्यांदा खऱ्या अर्थाने येतोय. सकाळी भाऊजी दाढी करत होते. मी न्हाणीघराच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं. ट्रॅम्पोलिन, लंब्या, कुपनं, पाऊण उडी, दोन वेण्या, काका. काही लपवलं नाही. म्हणालो, भाऊजी, कपाटाने मला काही झालं नव्हतं. गाडी विकू नका.

भाऊजींनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या तोंडाला फेस. मग ओल्या हातांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, मेहुणे, केवढं मोठं मन रे तुझं. माझ्यासाठी एवढी गोष्ट रचलीस?

मी म्हणालो, रचली नाही, खरं आहे.

म्हणाले, ट्रॅम्पोलिन? तू? सत्तावीस वर्षांचा घोडा? आणि ती दोन वेण्यांची मुलगी. अरे, खोटं बोलताना इतके बारकावे घालायचे नसतात. पण तू बोललास, मला बरं वाटलं. आणि फेस पुसायला आरशाकडे वळले. मान खाली घातली होती, खांदे हलत होते.

मी आयुष्यात पहिल्यांदा सगळं खरं बोललो आणि मला बक्षीस म्हणून आज संध्याकाळी ताईने खीर केली. खाल्ली. न खाणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

२७ मार्च, शुक्रवार.
साक्षीदार आणला. लंब्याला खोटं बोलता येत नाही, कारण वेळेवर सुचत नाही. दारातून आत येताना त्याचं डोकं चौकटीला लागलं. भाऊजींसमोर बसून म्हणाला, हो काका, पडला हा. फार वाईट पडला. मी हसलो पण होतो.

भाऊजींनी त्याला विचारलं, याने शिकवून आणलंय ना तुला?

लंब्या म्हणाला, हो. म्हणजे मला त्याने सांगितलं की खरं सांग.

भाऊजी म्हणाले, मित्र असावा तर असा. लंब्याला चहा, बिस्किटं. मग त्याचे तळवे उलटेसुलटे करून बघितले. म्हणाले, हात चांगले आहेत, काय करतोस? लंब्या म्हणाला, सध्या विचार करतोय.

तो गेल्यावर ताई माझ्या खोलीत आली आणि दार लोटून उभी राहिली. म्हणाली, तू ट्रॅम्पोलिनवर पडलास हे मला पटतं. तू तसाच आहेस. पण त्याने त्यांचं दुखणं जात नाही. तुझी पाठ गेली म्हणून ते गाडी विकत नाहीयेत, छोट्या. ऐकू आलं त्याचं काय?

मी म्हणालो, त्याचं मला काय माहीत.

ताई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी शाळेच्या वाटेवरून मी पळून जायचो तेव्हा बघायची तशी.

२८ मार्च, शनिवार. दुपार.
सकाळपासून ही वही तीनदा उघडून मिटली. एकदा पेन्सिलला टोक केलं. पेनने लिहितो मी.

बरं.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक दार उघडं होतं. आत काचेची टाकी. टाकीत एक मासा उभा होता. आडवा नव्हे, उभा, शेपटीवर, खांबासारखा. मी असा मासा कधी बघितला नव्हता. वरून भाऊजींनी विचारलं, घेतलंस?

मी म्हणालो, घेतलं.

घेतलं नव्हतं. पट्टा खांद्यावर नव्हता. एक हात कठड्यावर होता. मी माशाकडे बघत होतो. भाऊजींनी पकड सोडली, कपाट एक पायरी घसरलं, भिंतीने अडवलं म्हणून मी वाचलो. भाऊजींनी झडप घालून पुन्हा धरलं, त्यांच्या तळव्याचं सालटं निघालं. कपाट नीट टेकवल्यावर ते धापा टाकत म्हणाले, अरे, तू घेतलं म्हणालास ना?

मी म्हणालो, नाही. मी कुठे म्हणालो?

तोंडातून गेलं. भीतीने गेलं. मग ते परत कसं घेणार? पाठ तर त्यानंतर गेली, आणि पाठ गेल्यावर माझ्याकडे बघून कुणी काही विचारायचंच बंद केलं. ट्रॅम्पोलिनचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, एवढं मोठं सांगितलं की हे छोटं आपोआप वाहून जाईल. दोन दिवस मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजत होतो. खीरसुद्धा त्याच भरात खाल्ली.

तो मासा त्याच्या जातीनुसार उभाच असतो, की आजारी होता, ते अजून कळलेलं नाही. (हे इथे लिहायचं कारण नव्हतं.)

२९ मार्च, रविवार. सकाळी १०.
उद्या गाडी जाणार. भाऊजी खाली ती धुताहेत. आतली पट्टे टांगायची खिळपट्टी काढून ठेवली. चादरींच्या घड्या. इतक्या नीट घड्या की बघवत नाही.

आधी व्यायाम करतो, मग जातो. मन स्थिर राहील.

१०.४०.
व्यायाम तीन वेळा झाला. दुखणं कमरेत आलंय, म्हणजे बरं होतंय. फिजिओबाई म्हणाल्या होत्या ते अगदी खरं. जातो.

तोच दिवस, रात्री ९.
गेलो. बादलीजवळ उभं राहून सांगितलं. मासा, कठडा, घेतलं, मी कुठे म्हणालो. या वेळी चार वाक्यांत संपलं. बारकावे घालावेसे वाटले नाहीत.

भाऊजींनी एका शब्दानेही शंका घेतली नाही. हातातला फडका तसाच. हळूच म्हणाले, म्हणजे मला ऐकू आलं होतं.

मी म्हणालो, हो.

म्हणाले, तू बोलला होतास.

हो.

कसं बोललास? बोलून दाखव.

मी तिथे अंगणात म्हणालो, घेतलं. ते म्हणाले, असं नाही, त्या दिवशी म्हणालास तसं. मी मान वळवून, दुसरीकडे बघत म्हणालो, घेतलं. भाऊजींनी डोळे मिटले. म्हणाले, अगदी असंच. अगदी असंच आलं होतं. आणि गाडीच्या पायरीवर बसून हसायला लागले. ताई गॅलरीत धावत आली. तिला वरून ओरडून सांगितलं, अगं, मला ऐकू येतं! डोकं ठीक आहे माझं! शेजारचे दोघे-तिघे बाहेर आले.

मग हसू थांबलं. त्यांनी तळहात बघितला. सालटं निघालेल्या जागी नवी गुलाबी कातडी आली आहे. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन परत ठेवताना बघतात तसं.

पांढऱ्या मिश्यांच्या माणसाला फोन केला. गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो पुष्कळ बोलला, आमच्यापर्यंत ऐकू येत होतं.

मला काहीच बोलले नाहीत. माफ केलं असणार. मोठ्या मनाचा माणूस आहे. संध्याकाळी गादी आपणहून परत नेऊन दिली. ती नको म्हणाले नाहीत.

३१ मार्च, मंगळवार.
आज हलकं हलकं वाटतंय. खोटं नाही, पायसुद्धा हलका आहे. फिजिओबाई म्हणाल्या, आणखी चार आठवडे व्यायाम केलात तर हळूहळू वजन उचलायला हरकत नाही, गुडघ्यांतून, पाठीतून नाही. नव्या तक्त्यात पाच खुणा. पाचही खऱ्या. त्यांना शपथेवर सांगितलं. त्या म्हणाल्या, शपथ नको, पाय दाखवा.

जेवताना मी सहज म्हणालो, भाऊजी, एप्रिलअखेरीस येतो कामावर. तोवर मी वरच्या बाजूने धरायचा सराव करेन.

भाऊजी पाणी प्यायले. म्हणाले, तू पाठ सांभाळ. ताईने माझ्या ताटात आणखी भात वाढला. तिने वाढताना माझ्याकडे बघितलं नाही.

४ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.
खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून खिडकीत आलो. भाऊजी स्टिअरिंगवर आहेत. शेजारच्या सीटवर लंब्या. गुडघे पुढच्या फळीला टेकलेत त्याचे. खांद्याला माझा पट्टा, शेवटचं भोक संपवून लावलाय. सोमवारपासून जातोय म्हणे. मला सांगायचं त्याला सुचलं नाही.

ताई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, त्याने परवा जिन्यात काय केलं माहीत आहे? यांनी विचारलं, घेतलंस? तर म्हणाला, थांबा काका, अजून नाही. हे घरी येऊन दहा वेळा सांगत होते.

मी म्हणालो, चांगला मुलगा आहे.

ताई म्हणाली, हं. आणि आत गेली.

ठरवलं आहे : यापुढे कुणी विचारलं की हे काम का सोडलं, तर सरळ सांगायचं, तब्येतीमुळे. डॉक्टरांचा कागद आहे.

दुपारी ३.
व्यायाम झाला. चालणं झालं, दहा मिनिटं, मोजून. वाटेत तिघे ओळखीचे भेटले, दुधवाला, इस्त्रीवाला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. तिघांशीही थांबून बोललो. पाठ कशी आहे ते तिघांनी विचारलं. कामाचं कुणी विचारलं नाही.